बोटांची जाण आणि यंत्राची त्वचा

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून विज्ञानावर बोलायचे म्हटले की वक्ता बहुधा आकाशाकडे वळतो. ग्रह, तारे, अवकाशयाने हे विषय श्रोत्यांनाही आवडतात. मी आज त्याच्या अगदी उलट दिशेला, आपल्या बोटांच्या टोकांकडे आपले लक्ष वेधणार आहे. माणसाच्या स्पर्शज्ञानाची नक्कल करू पाहणारी एक कृत्रिम त्वचा गेल्या वीस-पंचवीस वर्षांत प्रयोगशाळांतून आकार घेत आहे. तिला इलेक्ट्रॉनिक त्वचा असे म्हणतात. भाजलेल्या रुग्णाच्या अंगावर बसवतात ती कृत्रिम त्वचा वेगळी. तिचा येथे संबंध नाही. येथे त्वचा म्हणजे दाब ओळखणाऱ्या असंख्य सूक्ष्म संवेदकांचे लवचीक वस्त्र.

आपल्या दर्शनकारांनी स्पर्शाला कमी लेखले नव्हते. वैशेषिकांनी पृथ्वी, आप, तेज आणि वायू या चारही द्रव्यांना स्पर्श हा गुण दिला, आणि वायू तर केवळ स्पर्शानेच कळतो असे म्हटले. पण व्यवहारात आपण ज्ञान म्हणजे डोळ्यांनी वाचलेले आणि कानांनी ऐकलेले एवढेच धरून चालतो. हाताने कळते त्याला आपण ज्ञान म्हणत नाही, 'सवय' म्हणतो. 'हात बसला' या आपल्या साध्या शब्दप्रयोगात केवढे शास्त्र दडले आहे, हे यंत्राला तेच शिकवायची वेळ आली तेव्हा शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले.

या गोष्टीचा पडताळा घेण्यास आपल्याला टोकियोस जावे लागत नाही. निपाणीस जावे. विडी वळणाऱ्या बाईच्या मांडीवर सूप असते, सुपात ओलसर केलेली टेंभुर्णीची पाने आणि जर्दा. पान मापाने कातरायचे, चिमटीत जर्दा घ्यायचा, तो पानावर सारखा पसरायचा, दोन्ही हातांच्या बोटांनी गुंडाळी करायची, तोंड दुमडायचे, आणि दोऱ्याचा वेढा देऊन मोकळे व्हायचे. यास काही सेकंद लागतात. मजुरी हजारावर असते. म्हणून दिवसभर हेच चालते, तेही बहुधा शेजारणीशी बोलत, मुलाकडे लक्ष ठेवत, डोळे दुसरीकडे असताना. विडी सैल झाली तर विझते, घट्ट झाली तर ओढता येत नाही, आणि तपासणीत बाजूला काढली जाते. चिमटीत जर्दा किती आला हे तराजू सांगत नाही, बोट सांगते. कोणतेही पान दुसऱ्या पानासारखे नसते. एकाच्या शिरा जाड, दुसरे अधिक वाळलेले, तिसरे फाटायला आलेले. प्रत्येक पानागणिक बोटांचा दाब बदलतो, आणि तो बदलला हे त्या बाईलाही सांगता येत नाही.

तंबाखूच्या वखारीतही तेच. पानातली ओल, त्याचा चिवटपणा, त्याची जात, हे सारे हाताने चाचपून ठरे. आणि त्या चाचपण्यावर शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचा भाव ठरे. मोजमाप नाही, केवळ घेणाऱ्याचा हात. १९८१ साली निपाणीजवळ महामार्गावर तंबाखू उत्पादकांचे मोठे आंदोलन झाले व एप्रिलमध्ये गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले, त्याची कारणे अनेक होती आणि तो आजचा विषय नाही. पण स्पर्शाचे ज्ञान ज्याच्या हाती, त्याच्या हाती भावही असतो, एवढे नमूद करून पुढे जातो.

बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाचे कारखाने आहेत. साचा बनवणारा जुना कारागीर वाळू मुठीत दाबतो, मूठ उघडतो, गोळ्यावर बोटांचे ठसे कसे उठले ते पाहतो, मग गोळा मोडून त्याची कड किती स्वच्छ तुटते ते पाहतो. वाळूतली ओल आणि बांधणी दोन्ही त्याला कळतात. त्यासाठी प्रयोगशाळेची उपकरणेही आहेत, व ती वापरलीही जातात. पण मूठ सुटलेली नाही. आणि अथणी-निपाणीकडची चप्पल? बाभळीची साल आणि हिरडा यांवर कमावलेले कातडे कोठे जाड, कोठे नरम, तळासाठी कोणता भाग घ्यावा व पट्ट्यासाठी कोणता, हे तो कारागीर अंगठ्याने दाबून सांगतो. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक निर्देशांक मिळाल्याची वार्ता २०१९ साली आली, तेव्हा तो महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून देण्यात आला. सीमाभागातल्या माणसाला या गोष्टीची गंमत वाटल्यावाचून राहणार नाही. मात्र एक गोष्ट गमतीची नव्हे. ज्यांच्या बोटांना कातड्याची इतकी सूक्ष्म जाण होती, त्यांचाच स्पर्श आपल्या समाजाने शतकानुशतके निषिद्ध मानला. स्पर्शाविषयी बोलताना हे वगळून पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

आता या बोटांत आहे तरी काय ते पाहू. तळहाताच्या बिनकेसाच्या त्वचेत स्पर्श जाणणारे चार प्रकारचे ग्राहक असतात आणि एका हातात त्यांची संख्या सुमारे १७,००० भरते, असा स्वीडनमधील संशोधकांचा १९७० च्या दशकातील अंदाज आहे. मर्केल यांच्या नावाचे ग्राहक सततचा दाब आणि कडा-कंगोरे सांगतात. माइसनर यांचे ग्राहक वस्तू हातातून किंचित सरकू लागली की जागे होतात. खोलवर असलेले पाचिनी यांचे ग्राहक कंपने टिपतात. सेकंदाला दोनशे-तीनशे कंपने असली की ते सर्वाधिक तल्लख असतात. रुफिनी यांच्या नावाचे ग्राहक त्वचेचा ताण सांगतात. विडी वळणाऱ्या बाईच्या बोटात हे चारही एकाच वेळी काम करीत असतात. जर्द्याचा कण बोटाखाली आला, पान सरकले, शीर कडकली, दोरा ताणला, प्रत्येक बातमी वेगळ्या तारेने मेंदूकडे जाते.

ही बातमी मुळात विजेच्या भाषेत कशी उतरते, हे कोडे मात्र फार उशिरा सुटले. २०१० साली आर्डेम पाटापूटियन यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने पेशीच्या आवरणातील अशी प्रथिने शोधली, की आवरण दाबले गेले की त्यांची दारे उघडतात आणि विद्युत्भारित कण आत शिरतात. त्यांना 'पिएझो' असे नाव मिळाले. दाबणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. या कामाबद्दल २०२१ चे नोबेल पारितोषिक पाटापूटियन यांना, उष्णतेच्या संवेदनेवर काम करणाऱ्या डेव्हिड ज्यूलियस यांच्यासमवेत मिळाले. म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतर चाळीस वर्षांनी त्याला बोटाने कसे कळते याचा पहिला रेणू सापडला!

बोटाची तल्लखता किती असावी? स्वीडनमध्येच २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, डोळे बांधलेल्या माणसांनी गुळगुळीत पृष्ठभाग आणि अवघ्या १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या असलेला पृष्ठभाग यांतला फरक बोट फिरवून ओळखला. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. बोटावरच्या रेषाही यात कामाला येतात. खरबरीत पृष्ठभागावरून बोट फिरते तेव्हा या रेषांमुळे नेमकी पाचिनींच्या आवडीची कंपने उठतात, असे फ्रेंच संशोधकांनी २००९ साली दाखवले. या रेषा कष्टाने झिजतात. ज्यांनी आयुष्यभर पाने, दोरा, विटा, भांडी हाताळली त्यांच्या बोटांचे ठसे शिधावाटपाच्या दुकानातले यंत्र घेत नाही, हे आपण पाहतो. स्पर्शज्ञानात आयुष्य घालवलेल्या बोटाला यंत्राने 'ओळख पटत नाही' म्हणावे, यासारखा विपर्यास दुसरा कोणता?

यंत्राला दाब कळावा यासाठी मुख्यतः तीन वाटा आहेत. पहिली वाट रोधाची. रबरात वा फोममध्ये कोळशाची बारीक पूड मिसळलेली असेल तर दाबल्यावर कण एकमेकांना भिडतात आणि विजेला वाट सोपी होते. येथे टेबलावर मी एक साधी जोडणी ठेवली आहे. इलेक्ट्रॉनिक सुटे भाग ज्या काळ्या फोममध्ये खोचून येतात त्याचा तुकडा, वर-खाली तांब्याचे पत्रे, आणि विद्युत्रोध मोजणारा मीटर. अंगठ्याने दाबले की काटा हलतो. हाच दाब-संवेदक, याहून त्यात गूढ काही नाही. दुसरी वाट धारकतेची. दोन पत्र्यांमध्ये मऊ थर. दाबल्यावर अंतर कमी होते आणि विद्युत्भार साठवण्याची क्षमता वाढते. तिसरी वाट काही स्फटिकांची, ज्यांना दाबताच त्यांच्यावर विद्युत्भार उमटतो. हा गुण पियरे व जाक क्युरी या बंधूंनी १८८० साली शोधला, आणि १९६९ साली जपानमध्ये कावाई यांना तो एका प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यातही आढळला. पापुद्रा वाकतो, म्हणून तो त्वचेच्या कामाचा. परंतु तो दाबातला बदल सांगतो. दाब तसाच राहिला की गप्प बसतो.

मग अडले कोठे? पहिली अडचण रबराची. दाब काढला तरी ते लगेच पूर्ववत होत नाही, म्हणून 'आता किती' याचे उत्तर 'आधी किती' यावर अवलंबून राहते. दुसरी तारांची. १७,००० ग्राहकांना प्रत्येकी दोन तारा जोडायच्या म्हटल्या तर त्वचेचा दोरखंडच व्हायचा. तिसरी अडचण अशी की त्वचा वाकते, आणि वाकणे व दाबणे यांतला भेद संवेदकाला कळत नाही. टोकियो विद्यापीठात ताकाओ सोमेया यांच्या गटाने २००४ साली संवेदक रबराखाली लवचीक, कार्बनी पदार्थाच्या ट्रान्झिस्टरांची जाळी अंथरली आणि आडव्या-उभ्या ओळींनी प्रत्येक बिंदू वाचण्याची सोय केली. तारांचा प्रश्न त्यामुळे बराच आटोक्यात आला. २०१० साली स्टॅनफर्डमध्ये झेनान बाओ यांच्या गटाने रबराचा थर सपाट न ठेवता त्यावर डोळ्यांना न दिसणारे पिरॅमिड उठवले. टोके चटकन दबतात, दाब जाताच चटकन उठतात. रबराचे आळशीपण गेले, आणि एका माशीचा, सुमारे २० मिलिग्रॅमचा, भारही नोंदला गेला. उपाय किती साधा! आकार बदलला, पदार्थ तोच. याच गटाने २०१५ साली आणखी एक पाऊल टाकले. दाब जितका अधिक तितके विजेचे ठोके जलद, अशी रचना त्यांनी केली. आपले मज्जातंतूही याच भाषेत बोलतात, म्हणून यंत्राची बातमी थेट मज्जातंतूला सांगण्याची शक्यता त्यातून उघडली.

हात गमावलेल्या माणसास याचा उपयोग उघड आहे. मज्जातंतूंत विद्युत्अग्रे बसवून कृत्रिम हाताच्या बोटांतला दाब त्याला कळवण्याचे प्रयोग युरोपात व अमेरिकेत झाले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, डावा हात गमावलेल्या डेन्मार्कच्या गृहस्थाने डोळे बांधलेले असताना वस्तू कठीण की मऊ, गोल की चौकोनी हे कृत्रिम हाताने ओळखले. हे सारे वाचताना मन भरून येते खरे. पण १९६८ च्या सुमारास जयपूरमध्ये रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जो पाय घडवला, त्यात एकही संवेदक नव्हता, आणि तो लावून शेतकरी बांधावर चालला, उकिडवा बसला. उपकरणाचे मोल ठरवताना मला ही कसोटी अधिक जवळची वाटते.

आता या विषयातील ज्या प्रकरणाने मला सर्वांत अधिक विचार करायला लावला, त्याकडे येतो. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात एका मिशनरी दांपत्यापोटी झाला. शस्त्रवैद्य होऊन ते १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरुग्णांच्या वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागले. कुष्ठरोगात बोटे सडून झडतात असा तोवर सर्वत्र समज होता. ब्रँड यांनी बारकाईने पाहिले, तेव्हा आढळले की रोग बोटे खात नाही. तो मज्जातंतू निकामी करून वेदना हिरावून घेतो, आणि मग रोजच्या व्यवहारात हात भाजतो, कापतो, ठेचतो व रुग्णाला कळत नाही. काहींची बोटे रात्रीत नाहीशी होत. पहारा ठेवल्यावर कळले की झोपेत उंदीर ती कुरतडत होते, आणि माणूस जागाही होत नव्हता. यावर वेल्लोरमध्ये निघालेला उपाय म्हणजे घरी जाणाऱ्या रुग्णाबरोबर एक मांजर देणे. मला तर हा संवेदकांच्या इतिहासातला एक अव्वल शोध वाटतो.

पुढे ब्रँड अमेरिकेत लुइझियाना राज्यातील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले. तेथे त्यांनी अभियंत्यांच्या मदतीने वेदनेचे यंत्र करण्याचा घाट घातला. हातमोज्याच्या बोटांत व पायमोज्यात दाब-संवेदक बसवायचे, आणि दाब धोक्याच्या पलीकडे गेला की रुग्णाला इशारा द्यायचा. इलेक्ट्रॉनिक त्वचा हा शब्द रूढ होण्यापूर्वीची ही इलेक्ट्रॉनिक त्वचाच होय. संवेदक नाजूक होते, बिघडत. पण खरी अडचण ती नव्हती. इशारा म्हणून कानात आवाज दिला, तर रुग्ण तो ऐकत आणि हातातले काम पुरे करत. मग शरीराचा जो भाग अजून बधिर नव्हता तेथे, काखेत, विजेचा झटका दिला. झटका बसे, वेदना होई. आणि एखादा घट्ट स्क्रू फिरवायचा असला की रुग्ण आधी यंत्राचे बटण बंद करी, काम उरके, मग बटण पुन्हा सुरू करी! काही वर्षांच्या खटपटीनंतर ब्रँड यांनी तो प्रकल्प सोडला. आपल्या वेदनेला बटण नाही, हीच तिची शक्ती, असा त्यांच्या अनुभवाचा अर्थ मी लावतो. त्या रुग्णांना मूर्ख ठरवणे सोपे आहे. परंतु परक्या यंत्राने दिलेली वेदना त्यांना स्वतःची वाटत नव्हती. ती शिक्षा वाटत होती. आणि शिक्षा चुकवता येत असेल तर कोण चुकवणार नाही?

हे दूरच्या रुग्णालयातले प्रकरण म्हणून सोडून देता येत नाही. कुष्ठरोगावर आज बहुविध औषधोपचाराने खात्रीचा इलाज आहे. मात्र बधिरता दुसऱ्या दाराने आपल्या घरात आली आहे, ती मधुमेहाच्या. वर्षानुवर्षे रक्तातली साखर वाढलेली राहिली की पायांचे मज्जातंतू मंदावतात. ज्या नव्या कोल्हापुरी चपलेबद्दल आपण कौतुकाने 'अजून चावते' म्हणतो, ती चपलेचा दोष सांगत नाही, पायाचे आरोग्य सांगते. बधिर पायाला चप्पल चावत नाही. पट्ट्याखाली फोड येतो, फुटतो, त्यात पू होतो, आणि घरच्या माणसांना तो वासाने कळतो. किती पाय अशा रीतीने कापावे लागले असतील!

या पायासाठी दाब-संवेदक खरोखर कामाचे ठरू लागले आहेत. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी २०१९ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. पूर्वी पायाला जखम होऊन गेलेल्या ५८ मधुमेही रुग्णांना संवेदक असलेले बुटातले तळ दिले आणि दीड वर्ष पाहिले. एकाच जागी फार वेळ दाब राहिला की मनगटावरचे घड्याळ इशारा देई. चार पावले चाला, भार हलवा. ज्यांना इशारा मिळत होता त्यांच्यात, ज्यांचे तळ केवळ नोंद करीत होते त्यांच्या तुलनेत, नव्या जखमा ७१ टक्क्यांनी कमी झाल्या. चाचणी लहान आहे, हे विसरून चालणार नाही. पण ब्रँड यांच्या मोज्यात आणि या तळात एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. येथे यंत्र झटका देत नाही. 'जरा उठा, पाय मोकळे करा' म्हणते. घरातले वडीलधारे माणूस म्हणते तसे.

हे तळ आपल्याकडच्या सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारे नाहीत, आणि आपला माणूस बूट घालत नाही, चप्पल घालतो. तोवर काय करावे? वैद्यांकडे एक नायलॉनचा धागा असतो. पायाच्या तळव्याला टेकवून दाबला की तो १० ग्रॅम भाराला वाकतो. डोळे मिटलेल्या रुग्णाला तो लागल्याचे कळले नाही, तर पाय धोक्यात आहे असे समजावे. ही परीक्षा दोन मिनिटांची असते. कुष्ठरुग्णांसाठी बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या चपला पूर्वीपासून केल्या जातात. तोच मऊ तळ मधुमेही माणसाच्या चपलेत घालता येतो. निपाणी-अथणीच्या कारागिराला कातडे अंगठ्याने कळते; त्याला डॉक्टरांनी रुग्णाच्या तळव्यावरच्या दाबाच्या जागा दाखवल्या तर काय घडेल, हा प्रयोग बेळगावात करता येण्याजोगा आहे. येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, १९९८ पासून विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचे मुख्य ठाणे येथे आहे, आणि चपला शिवणारे हातही येथेच आहेत. या तिघांची एका टेबलाशी गाठ पडणे तेवढे बाकी आहे.

आणि निपाणीच्या त्या बाईचे काय? यंत्राच्या बोटांना त्वचा आली की विडी वळणे त्यांना जमेल का, असा प्रश्न मला विचारला जातो. आज ना उद्या जमेल, असे माझे उत्तर आहे. तंबाखूच्या धुळीतून तिची सुटका झाली तर मला आनंदच होईल. पण सुटका आणि रोजगार जाणे या दोन गोष्टी एकाच दिवशी एकाच दारात येतात. यंत्राला हे काम शिकवताना संवेदकांचा मोजा अशाच एखाद्या बाईच्या हाती चढवून तिच्या बोटांचा दाब क्षणाक्षणाला टिपला जाईल. ती नोंद कोणाच्या मालकीची, तिचे मोल कोणाला मिळावे, हा प्रश्न विडी कामगारांच्या संघटनांनी आणि कायदा जाणणाऱ्यांनी आताच हाती घ्यायला हवा. १९६६ च्या विडी कामगार कायद्यात मजूर, पाने, तंबाखू, घरखेप यांचा विचार होता. बोटांतल्या जाणिवेचा तेथे उल्लेख असण्याचे कारणच नव्हते.

 टेबलावरचा फोम आणि मीटर सभा संपेपर्यंत येथेच राहील. नायलॉनचा धागाही आणला आहे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी संकोच न करता पुढे यावे, आणि येताना चप्पल दाराशी काढून यावे.